तीन पावलांच्या आधी आणि नंतर

प्रिय जिपार,

कुंदुझ वहिनीचा भाऊ परवा मॉस्कोला निघतोय. त्याच्या पिशवीत आईने तुझ्यासाठी सातूचं पीठ आणि वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या कोंबल्या आहेत, त्यांच्या वर हे पत्र मी ठेवतोय. पाकीट बघून हसशील. रोज फोनवर बोलतो आपण, आणि हा माणूस पत्र कसलं लिहीत बसलाय! पण फोनवर आपलं बोलणं कसं होतं ते तुला ठाऊक आहे. रेंज मिळावी म्हणून मी त्या टेकाडावर उभा, कानात वारा. तू विचारतेस पोर कशी आहे, मी म्हणतो बरी आहे, तू रडतेस, मी म्हणतो रडू नकोस, आणि मग तू जे काही म्हणशील त्याला हो म्हणून मी खाली उतरतो. घरी आलो की आई विचारते काय म्हणाली जिपार, आणि मला आठवतच नाही. पत्रात तुला मला मधेच तोडता येणार नाही, एवढाच माझा फायदा. तेव्हा बूट काढ, चहा घे आणि शेवटपर्यंत वाच.

तो व्हिडिओ तू पाहिलास. तू म्हणालीस, तुझ्या खोलीतल्या बायकांना तो इतक्यांदा दाखवलास की ती कोपऱ्यातली कधी न बोलणारी ताजिक बाईसुद्धा डोळे पुसायला लागली. पांढऱ्या लोकरीचं जाजम, त्यावर आपली मेरिम उभी, पायातला दोरा कापला जातो, आणि ती कुणाचाही हात न धरता तीन पावलं टाकते. मग बायकांचा गलका, खाऊच्या गोळ्या आणि तळलेल्या बोरसोकांची उधळण, आणि व्हिडिओ संपतो. त्याच दिवशी तू फोनवर म्हणालीस, बघितलंस, आता एकच वर्ष काढायचंय. मी इथेच राहून पैसे पाठवते, बर्फ पडायच्या आत दुसरं ऑपरेशन उरकून घ्या, पुढच्या उन्हाळ्यात ती धावेल. मी नेहमीप्रमाणे हो म्हणालो. तर आता त्या व्हिडिओच्या आधीचं आणि नंतरचं सांगतो.

आधी सकाळचं सांगतो. वसंतात पहिल्या ऑपरेशनचं प्लास्टर काढताना डॉक्टर म्हणाले होते, रोज भिंत धरून चालवा, आणि पडली तर उचलू नका, तिची तिला उठू द्या. त्यासाठी रजा काढून आलेली तू तिथेच होतीस. मग तू परत मॉस्कोला गेलीस, आणि हे न उचलणं माझ्या वाट्याला आलं. तू उचललं असतंस, मला खात्री आहे, डॉक्टरांच्या देखत उचललं असतंस. मी नाही उचललं. सुरुवातीला मी गोठ्यात जाऊन रडायचो, गाय माझ्याकडे बघत रवंथ करायची. मग एकदा ते रडणं थांबलं, आणि कधी थांबलं ते मला कळलंही नाही. आता ती पडते, डोकं चुलीच्या कडेला लागता लागता राहतं, आणि मी तिकडे चहा ओतत असतो. हात हलत नाही, थेंब सांडत नाही. दातवाल्याने सुई टोचली की गाल कसा होतो? आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी परक्याचा वाटतो. तसं माझं आतून झालंय. आई म्हणाली, तू दगड झालास. मी म्हटलं, बरं झालं, दगडाचे गुडघे तरी दुखत नाहीत. ती हसली नाही, मीही हसलो नाही.

आईचं म्हणणं तुला माहीत आहेच. तिच्या मते यात डॉक्टरांचा काडीचा संबंध नाही. गावातलं प्रत्येक पोर पहिल्यांदा उभं राहिलं की त्याच्या पायांना काळा-पांढरा दोरा बांधतात, मोठ्या पोरांची शर्यत लावतात आणि जिंकेल त्याच्या हातून तो कापून घेतात. मेरिमचा कापला नाही, म्हणून मेरिम अडली. आपण म्हणत राहिलो, चालायला लागली की कापू. ती म्हणत राहिली, कापल्याशिवाय चालेल कशी? पोर आठ वर्षांची झाली तरी हा वाद जिथल्या तिथे. या उन्हाळ्यात वरच्या कुरणावर तिने मला पत्ता लागू न देता लोकर कातली, दोरा वळला, मेंढी ठरवली आणि खाली उतरता उतरता घरोघरी आमंत्रणं देऊन मोकळी झाली. मला कळलं ते कुंदुझ वहिनीकडून, तेही वहिनीने कोणते कपडे घालायचे ते ठरवल्यावर. मी भडकलो. म्हटलं, एवढ्या मोठ्या मुलीला तान्ह्या पोरासारखे पाय बांधून गावापुढे उभी करणार? तिला सगळं कळतं. आई म्हणाली, 'कळतं म्हणूनच करायचं. तान्ह्याला काय, तो दोरा तोंडात घालतो.' तिच्या तोंडी कोण लागणार! मी मेरिमलाच विचारलं. ती म्हणाली, करूया. आजीचं समाधान होईल, तुमचंही होईल.

आणि मग तुझा तो फोन. तू म्हणालीस, साऱ्या गावाच्या पोरांना तू आशीर्वादाची कवनं म्हटलीस, आता आपल्या पोरीचं असं म्हण की पलीकडच्या डोंगराला ऐकू जाईल. जिपार, दुसऱ्यांच्या पोरांसाठी मला काहीच लागत नाही. घोड्याचे खूर, गरुडाचे पंख, सरळ वाट, नदीला उतार, मधे बापाचं नाव, शेवटी आजोबांचं, की झालं. म्हातारे टोप्या काढतात, मला मांसाचा चांगला तुकडा मिळतो. पण मेरिमसाठी खूर आणि पंख जुळवायला बसलो की जीभ जड व्हायची. तिच्या तोंडावर म्हणू, हरणासारखी धाव? ती मला हसली असती. हसली नसती तर आणखी वाईट. कोमुझ घ्यायचो, तारा लावायचो, परत खुंटीला अडकवायचो. आपण होऊन जे सुचायचं ते आशीर्वादाचं नव्हतं. रोज सकाळी दारात उभं राहून जे दिसतं तेच यायचं, आणि मेलं यमकासकट यायचं. मी ते दाबून टाकायचो आणि जनावरांकडे जायचो.

तो दिवस उजाडला. सगळं गाव लोटलं. तुझ्या माहेरचेही आले, तुझा थोरला भाऊ तुपाचा अख्खा डबाच घेऊन आला. अंगणात जाजम अंथरलं. आईने मेरिमला नवा कुडता घातला, जाजमावर उभी केली आणि स्वतः खाली बसून घोट्यांना दोरा बांधला. बाळाला बगलेत धरून उभं करतात, तसं आई धरायला गेली, तर मेरिम म्हणाली, धरू नकोस आजी, मी उभी राहते. शर्यत बायकांची लावली, कारण पोरांची लावायची म्हटलं तर तिच्याच वर्गातली पोरं धावणार, आणि ते आईलाही नको होतं. बायका चिनाराच्या झाडांपासून धावत आल्या. काय ती धाव! कुणाचा रुमाल सुटला, कुणी बुटातून निसटलं, आणि कुंदुझ वहिनी तिच्या सगळ्या देहानिशी पहिली आली. अर्ध्या वाटेवरूनच निघाली होती असं शेजारची शेकेर म्हातारी अजून शपथेवर सांगतेय. गाव हसून हसून लोळलं. मेरिमही हसली. वहिनीने धापा टाकत चाकू हातात घेतला, जाजमापाशी गुडघे टेकले आणि माझ्याकडे बघितलं. रीतच आहे, आधी कवन आणि मग चाकू.

मी तोंड उघडलं. काही आलं नाही. खूर नाहीत, पंख नाहीत, माझ्या बापाचं नावसुद्धा आलं नाही. हसणं थांबलं. तुझ्या भावाने घसा खाकरला, जणू माझाच घसा मोकळा होईल. वहिनी हळूच म्हणाली, 'काय रे कवी, बोरसोक अडकलं का घशात?' दोघं-तिघं हसले. लाज वाटायला हवी होती मला, जिपार, पण तीही वाटली नाही. मी नुसता त्या बांधलेल्या पायांकडे बघत होतो. गुडघे आत वळायला लागले होते, नेहमी पडायच्या आधी वळतात तसे. तेव्हा मेरिम म्हणाली, 'बाबा, जे असेल ते म्हणा. मला फार वेळ उभं राहता येत नाही.'

मग जे होतं ते म्हटलं. तू मागितलेलं कवन हे नव्हे, पण हेच आहे:

भिंतीला हात, हाताला घाम,
सकाळी सकाळी एकच काम.
एक पाय निघाला, दुसरा रुसला,
गुडघा थकून मधेच बसला.
मी दारापाशी, हात खिशात,
हात खिशात, जीव घशात.
डॉक्टर म्हणाले, उचलू नका,
पडली तरी पुढे होऊ नका.
ती पडते तेव्हा आवाज येतो,
मी खिडकीतून डोंगर बघतो.
ती उठते ती आपल्या जोरावर,
बाप नावाचा उभा दारावर.

एवढंच. पुढे आशीर्वादाची ओळ यायला हवी होती, ती आली नाही. कुणी टोपी काढली नाही. आईने डोक्यावरच्या रुमालाने तोंड झाकलं आणि नंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी भांडी घासताना एकदाच म्हणाली, आशीर्वाद मागितला होता, हकिगत नाही. तिचं बरोबरच आहे. असं कवन कुणी पोराच्या दोऱ्यावर म्हणत नाही. त्या शांततेत वहिनी पहिली भानावर आली. तिने आपल्या पोरीला ओरडून सांगितलं की फोन धर, आणि कचकन दोरा कापला. तिथून पुढचं तू पाहिलंस. तीन पावलं. चौथं टाकताना मेरिम खाली बसली, पण तोपर्यंत फोन धरणारी पोरगीसुद्धा गोळ्या वेचायला वाकली होती. पडली नाही हं, बसली. दोन्हीतला फरक मला आता चांगला कळतो.

मी पुढे गेलो आणि तिच्याजवळ जाजमावर टेकलो. आजूबाजूला धुमाकूळ चालला होता, लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, 'मी चालले ना? सगळ्यांनी बघितलं ना? आता बसू?' मी म्हटलं, बस की. ती म्हणाली, 'आजच्यापुरतं नाही म्हणत मी.' कुणीतरी मांसाचं ताट पुढे केलं, ते घेतलं.

जेवणं आटोपल्यावर तिने घोडी मागितली. आपली म्हातारी कुला. तुला आम्ही सांगितलं नव्हतं, तू धसका घेतला असतास. कुरणावर असताना आईनेच मेरिमला तिच्यावर बसवायला सुरुवात केली. खोगिराला मागे उंच टेकण शिवलं आणि मांड्यांखाली लोकर भरली. दोरा-दोरा करणारी हीच तुझी सासू! तिचे जन्मापासूनचे ताठ पाय घोडीच्या पाठीवर आपोआप सैल होतात, का ते डॉक्टरांना विचार. वर बसली की गावातल्या इतर पोरांत आणि तिच्यात काही फरक दिसत नाही. त्या दिवशीही पाहुण्यांच्या मधून ती ओढ्यापर्यंत गेली आणि आली. मी लगाम धरायला गेलो तर म्हणाली सोडा. परत आल्यावर मी तिला उतरवत नव्हतो, ती उतरत नव्हती, आणि ती बोलायला लागली. तुम्ही सगळ्यांसमोर खरं सांगितलंत म्हणून मीही सांगते, म्हणाली. मागच्या हिवाळ्यात प्लास्टरमध्ये पाय खाजायचे तेव्हा ती आजीची विणायची सुई आत घालायची आणि रक्त आलं तर गप्प बसायची. मैत्रिणी आधी रोज यायच्या, मग येईनाशा झाल्या. तो सगळा हिवाळा तिला परत नको आहे. पडल्यावर ती माझ्याकडे बघते, आणि मी डोंगराकडे बघतो, तेही तिला माहीत होतं. आणि म्हणाली, घोडीवर असले की मला कुणी चाल म्हणत नाही.

तुला वाटेल पोरीचं मन ते, आज असं म्हणते, उद्या तसं म्हणेल. मलाही वाटलं. म्हणून मागच्या आठवड्यात तिला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. तिथे आता एक नवी डॉक्टरीण आहे, तरुण, नाकावर चष्मा घसरलेला. मी तिला सरळ विचारलं, दुसऱ्या ऑपरेशनने नेमकं काय होईल? तिने फोटो बघितले, पाय वाकवून बघितले, मेरिमलाच दोन-चार प्रश्न विचारले. मग म्हणाली, झालंच तर घरातल्या घरात भिंत न धरता थोडं जास्त चालेल. अंगणापर्यंत जाईल कदाचित. शाळेपर्यंत नाही. धावणं तर नाहीच. आणि काहीच फरक न पडण्याचीही शक्यता आहे. मी म्हटलं, मग हे आम्हाला आजवर कुणी सांगितलं का नाही? ती म्हणाली, सगळे कधी चालेल ते विचारतात, किती चालेल ते कुणी विचारत नाही. मेरिम तिथेच टेबलावर बसून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. येताना बसमध्ये तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि गाढ झोपली. कितीतरी दिवसांत मी तिला तशी झोपलेली पाहिली नव्हती.

आता ज्यासाठी कागद हातात घेतला ते लिहितो. ऑपरेशनला मी नाही म्हणून कळवलंय. तुला न विचारता. राजधानीच्या दवाखान्यात फोन केला आणि तिची जागा दुसऱ्या पोराला द्या म्हणून सांगितलं. शाळेत घोडीवरून जाते, आत बसायला चाकांची खुर्ची तुझ्या भावाने आणून दिली आहे. सकाळचं भिंत धरून चालणं तिला हवं तेव्हा आणि हवं तेवढंच. तू चिडशील. चीड. दोन हिवाळे तू ज्या धावण्यासाठी परक्यांचे जिने पुसलेस, ते धावणं येणार नाही, आणि हे मी तुला सांगतोय, आणि सांगतानासुद्धा माझा हात चहा ओततानासारखाच स्थिर आहे. पण तिथे राहून उंटावरून शेळ्या हाकू नकोस, इथे येऊन भांड. घर भांडायला मोठं आहे. काल मी हे लिहायला बसलो तर मेरिमने विचारलं, आईला काय लिहिताय? मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ वहीत रेघा मारत बसली. मग म्हणाली, 'आईला मी चालताना बघायला यायचंय, की मला बघायला यायचंय?' मी म्हटलं, हे काय विचारणं, तुला बघायलाच. ती म्हणाली, 'तुम्हाला नाही विचारलं.' तेव्हा जिला विचारलंय तिला विचारतोय, जिपार. फोनवर सांगू नकोस. ये.

तुझाच,
तुरार